अणू पाहिलेला माणूस : एर्विन म्युलर

आमच्या स्टेट कॉलेजला कोणी मराठी पाहुणे आले की त्यांची सहल ठरलेली असते. निटनी लायनच्या पुतळ्याजवळ फोटो, क्रीमरीचं आइस्क्रीम, आणि एक लाखाहून जास्त माणसं बसतात ते बीव्हर स्टेडियम निदान बाहेरून बघणं. मी त्यात आपला एक थांबा घालते, ऑस्मंड लॅबोरेटरीचा. बघण्यासारखं तिथे बाहेरून काही नाही, त्यामुळे पाहुणे जरा गोंधळतात. मग मी सांगते की ११ ऑक्टोबर १९५५ या दिवशी माणसाने सुटासुटा अणू पहिल्यांदा डोळ्यांनी बघितला तो इथे. बघणारे दोघे होते. एक बर्लिनहून आलेले प्राध्यापक एर्विन म्युलर आणि दुसरे त्यांचे भारतातून आलेले विद्यार्थी कंवर बहादुर. भारताचं नाव निघालं की पाहुण्यांचे डोळे चमकतात आणि पुढचा प्रश्न ठरलेला : मराठी होते का हो? नव्हते. पण गोष्ट ऐकण्यासारखी आहे, म्हणून यंदाच्या दिवाळी अंकात ती सविस्तर लिहायची ठरवली.

म्युलर यांचा जन्म १३ जून १९११ चा, बर्लिनचा. घरची परिस्थिती बेताचीच. त्यांच्या लहानपणी जर्मनीत जे जे वाईट घडू शकत होतं ते घडलं. तीन वर्षांचे असताना पहिलं महायुद्ध सुरू झालं, बारा वर्षांचे असताना जर्मन मार्कची किंमत कागदाएवढीसुद्धा राहिली नाही. अशा दिवसांत शिकून ते बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग भागातल्या टेक्निशे होखशूलमध्ये, म्हणजे तिथल्या तंत्रविद्यापीठात, दाखल झाले. तिथे त्यांना गुरू मिळाले ते गुस्ताव हर्ट्झ. रेडिओलहरी शोधणाऱ्या हाइनरिश हर्ट्झ यांचे हे पुतणे. १९२५ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल गुस्ताव हर्ट्झ आणि जेम्स फ्रँक यांना मिळालं होतं.

पण नोबेल असलं म्हणून काय झालं? १९३३ साली नाझी सत्तेवर आले. हर्ट्झ यांचे आजोबा जन्माने ज्यू. एवढं कारण पुरलं आणि हर्ट्झना विद्यापीठातली जागा सोडावी लागली. सीमेन्स कंपनीने त्यांना आपल्या संशोधन प्रयोगशाळेत घेतलं. तरुण म्युलरही तिथेच कामाला लागले. म्हणजे ज्या शोधांबद्दल पुढे सांगणार आहे, त्यांची सुरुवात विद्यापीठात नाही, एका विजेच्या कंपनीत झाली.

तिथे त्यांनी जे काम हाती घेतलं ते ऐकायला सोपं होतं. धातूची तार थंड असतानाच तिच्यातून विजेच्या जोरावर इलेक्ट्रॉन बाहेर खेचायचे. तारेचं टोक जितकं अणकुचीदार तितकी त्याच्याजवळची विजेची ओढ जास्त. आपल्याकडे उंच इमारतींवर वीज पडू नये म्हणून दांडा लावतात, तो टोकदार असतो हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. म्युलर यांनी टंगस्टनची, म्हणजे जुन्या बल्बमध्ये असायची त्या धातूची तार घेतली. तिचं टोक इतकं बारीक केलं की त्याची त्रिज्या मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास आली. मग ते तापवून गुळगुळीत गोल केलं, निर्वात नळीत बसवलं आणि समोर चमकणारा पडदा ठेवला. टोकातून निघालेले इलेक्ट्रॉन सरळ रेषेत बाहेर पसरत जाऊन पडद्यावर आपटले आणि तिथे टोकाचं चित्र उमटलं.

यात भिंग कुठेच नाही. फुग्यावर पेनाने बारीक नक्षी काढा आणि फुगा फुगवा, नक्षी आपोआप मोठी होते, तसंच हे. आत एक इवलासा गोल, बाहेर पडद्याचा मोठा गोल. दोन्हींच्या आकारात जेवढा फरक, तेवढं चित्र मोठं. साधारण दहा लाख पट! तांदळाचा एक दाणा दहा लाख पट मोठा केला तर तो सहा-सात किलोमीटर लांब होईल. १९३६ साली बनलेलं हे यंत्र म्हणजे फील्ड एमिशन मायक्रोस्कोप. तेव्हा म्युलर पंचवीस वर्षांचे होते.

मोठं झालं तरी चित्र पुरेसं स्पष्ट नव्हतं. इलेक्ट्रॉन धातूतून निघताना थोडे आडवेही भरकटतात, त्यामुळे कडा पुसट येतात. अणूच्या आकारापेक्षा सुमारे दहापट मोठ्या गोष्टी वेगळ्या दिसायच्या, त्याखाली सगळं धूसर. अणूच्या दारापर्यंत पोचून दार बंद, अशी अवस्था. ती पुढे जवळजवळ वीस वर्षं टिकली.

मधे दुसरं महायुद्ध आलं. म्युलर तोपर्यंत बर्लिनच्याच दुसऱ्या एका कंपनीत होते. तिथे असताना १९४१ मध्ये त्यांनी एक वेगळाच प्रयोग करून पाहिला. टोकाला नेहमी ऋण दाब देत असत, त्यांनी तो उलटा करून धन दाब दिला. तेव्हा टोकावर बसलेले परके अणू नुसत्या विजेच्या जोराने उपटून निघाले. त्या वेळी हे एक नवल म्हणून नोंदलं गेलं. पुढे मात्र त्यातूनच सगळं उगवलं.

युद्ध संपलं तेव्हा बर्लिनचा ढिगारा झालेला होता. गुरू हर्ट्झ सोव्हिएत युनियनमध्ये गेले आणि पुढची नऊ-दहा वर्षं तिथेच राहिले. म्युलर काही काळ आल्टेनबुर्ग गावी शिकवत होते, मग १९४७ मध्ये बर्लिनच्या डालेम भागातल्या कैसर विल्हेल्म संस्थेत आले. १९४८-४९ मध्ये पश्चिम बर्लिनची सोव्हिएत नाकेबंदी झाली. शहराचं धान्य आणि कोळसासुद्धा विमानाने येत होता. अशा शहरात १९५१ साली म्युलर यांनी आपलं दुसरं यंत्र मांडलं : फील्ड आयन मायक्रोस्कोप.

कल्पना १९४१ च्या प्रयोगाचीच. टोकाला धन दाब द्यायचा आणि नळीत थोडासा वायू सोडायचा. वायूचा अणू टोकाजवळ आला की टोकाच्या ओढीने त्याचा एक इलेक्ट्रॉन निघून धातूत शिरतो. उरलेला अणू, म्हणजे आयन, आता धन झालेला. दोघंही धन, मग काय, टोक त्याला जोराने दूर लोटतं आणि तो सरळ पडद्यावर जाऊन ठिणगी पाडतो. इलेक्ट्रॉनच्या जागी जड आयन आले, त्यामुळे चित्र आणखी स्पष्ट यायला हवं होतं. म्युलर यांनी आधी हायड्रोजन वापरला. चित्र सुधारलं खरं, पण अणू दिसले नाहीत.

पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, त्यांना पेन स्टेटमधून बोलावणं आलं. वय एक्केचाळीस, बायको आणि मुलगी बरोबर. आपल्यापैकी अनेकजण पंचविशीत दोन बॅगा घेऊन आलो, तेव्हाही पोटात गोळा आलाच होता. चाळिशी ओलांडल्यावर, आयुष्यभराचं शहर सोडून, दुसऱ्या भाषेत शिकवायला जाणं वेगळं. आणि ते आले तेही कुठे, तर न्यूयॉर्क-बोस्टनला नव्हे, पेनसिल्व्हेनियाच्या मधोमध डोंगरांच्या कुशीतल्या या गावात. तेव्हा पेन स्टेट अजून युनिव्हर्सिटीसुद्धा झालेलं नव्हतं. नाव होतं पेनसिल्व्हेनिया स्टेट कॉलेज, आणि प्रमुख होते आयझेनहॉवर यांचे धाकटे भाऊ मिल्टन. १९५३ मध्ये कॉलेजचं युनिव्हर्सिटी झालं, पण गावाचं नाव स्टेट कॉलेजच राहिलं. भारतातल्या नातेवाइकांना पत्त्यातलं कॉलेज कुठलं आणि गाव कुठलं हे आम्ही अजून समजावतो!

कंवर बहादुर म्युलर यांच्याकडे पीएच.डी.साठी आले ते या दिवसांत. त्या काळचा हिशेब लक्षात ठेवायला हवा. १९४६ च्या कायद्याप्रमाणे भारतीयांसाठी इमिग्रेशनचा कोटा होता वर्षाला शंभर. आज आपण ज्या लाटेवर आलो तिची सुरुवात १९६५ च्या कायद्याने झाली. म्हणजे १९५५ साली इथे शिकायला येणारा भारतीय विद्यार्थी म्हणजे अगदी बोटांवर मोजण्यासारखा. मंडळ नाही, देऊळ नाही, हळद-हिंग मिळण्याचा तर प्रश्नच नाही.

आता मुख्य अडचण काय होती ते बघू, कारण या गोष्टीचा खरा गाभा तिथेच आहे. वायूचा अणू टोकाच्या ओढीने वेगात येतो आणि टोकाच्या भिंतीवर आपटतो. तो वेगातच असतो, म्हणून उसळी मारून पुन्हा वर जातो, पुन्हा ओढला जातो, पुन्हा आपटतो. रबरी चेंडू जिन्यावरून सोडल्यासारखं. अशा धावत्या अणूचा आयन बनला तर तो पडद्याकडे जाताना आडवा वेगही घेऊन जातो आणि ठिपका भलतीकडे पडतो. म्हणजे चित्र पुसट करणारा दोष भिंगात नव्हता (भिंग नव्हतंच!), वायू आणि भिंत यांच्या व्यवहारात होता.

त्यावर तोडगा दुहेरी निघाला. पहिला म्हणजे टोक द्रवरूप वायू वापरून कडाक्याचं थंड करायचं. थंड भिंतीवर आपटताना अणू प्रत्येक उसळीत आपली ऊर्जा भिंतीला देऊन टाकतो आणि शेवटी सरपटत, दमल्यासारखा, अगदी हळू फिरतो. तो हळू झाला की ठिपका जिथे पडायला हवा तिथेच पडतो. दुसरा तोडगा म्हणजे हायड्रोजनऐवजी हेलियम वापरायचा. सगळ्या मूलद्रव्यांत हेलियमचा इलेक्ट्रॉन काढून घेणं सर्वांत अवघड. त्यासाठी सेंटीमीटरला चाळीस कोटी व्होल्टहून जास्त ओढ लागते. एवढी ओढ फक्त टोकाला अगदी चिकटून, आणि तीसुद्धा जिथे एखादा अणू किंचित वर आलेला असेल तिथेच असते. म्हणून हेलियमचा आयन नेमका त्या वर आलेल्या अणूच्या डोक्यावर बनतो. आणखी एक फायदा असा की हवेतले बाकीचे वायू एवढ्या ओढीत टोकापर्यंत पोचण्याआधीच आयन होऊन परतवले जातात. टोक आपोआप स्वच्छ राहतं. पहारेकरी ठेवायची गरज नाही.

हेलियमशी आपलं मराठी माणसांचं जुनं नातं आहे, तेही सांगून टाकते. विजयदुर्गावर साहेबाचे ओटे दाखवतात आणि १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवस साजरा होतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची ती आठवण. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी ते ग्रहण आंध्रातल्या गुंटूरहून पाहिलं. लॉकियर यांनी विजयदुर्गावर हेलियम शोधला असं आपल्याकडे सांगतात, पण त्यांनी आपलं निरीक्षण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये बसून, ग्रहण नसताना केलं होतं. सूर्यातला तो अनोळखी पिवळा प्रकाश नव्या मूलद्रव्याचा आहे हे मात्र लॉकियर यांनीच ओळखलं. पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ उजाडलं. तर असा हा सूर्यात सापडलेला वायू साठ वर्षांनी स्टेट कॉलेजात अणू दाखवायच्या कामाला आला.

११ ऑक्टोबर १९५५. यंत्र म्हणजे काचेची फुंकून केलेली नळी, आत थंड केलेलं टंगस्टनचं टोक आणि तळाशी पडदा. चित्र इतकं मंद असायचं की खोलीत काळोख करून, डोळे अंधाराला सरावेपर्यंत बराच वेळ बसावं लागे. फोटो काढायचा तर कॅमेरा कित्येक मिनिटं उघडा ठेवायचा. त्या अंधारात दाब वाढवत नेला आणि पडद्यावर हिरवट ठिपके उभे राहिले. एकामागे एक वर्तुळं, आणि वर्तुळांवर सुटेसुटे ठिपके, ओळीने, नेमक्या अंतरावर. ज्यांनी लहानपणी अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढली आहे त्यांना हे फोटो दाखवले की वेगळं समजवावं लागत नाही. प्रत्येक ठिपका म्हणजे टंगस्टनचा एक अणू. रांगोळी मात्र कुणी काढलेली नव्हती, ती धातूच्या आत आधीपासूनच होती.

कोणी म्हणेल, हे खरं बघणं झालं का? दिसतो तो प्रकाश हेलियमच्या आयनांनी पडद्यावर पाडलेला. प्रश्न रास्त आहे आणि त्या काळीही शंका घेणारे होतेच. म्युलर यांनी उत्तर दिलं ते साध्या पद्धतीने. कॉर्कचे चेंडू रचून टोकाचा मोठा नमुना केला, जे चेंडू कडेला वर आलेले होते तेवढ्यांनाच अंधारात चमकणारा रंग लावला, आणि दिवे घालवून फोटो काढला. दोन फोटो शेजारी ठेवले की वर्तुळाला वर्तुळ जुळत होतं. आणि तसं म्हटलं तर आपण चंद्र बघतो तोही सूर्याच्या प्रकाशाने, चंद्राच्या नव्हे. बहादुर आणि म्युलर या दोघांच्या नावाने सविस्तर लेख १९५६ मध्ये फिजिकल रिव्ह्यूमध्ये छापून आला. त्याचा विषयच होता धातूच्या पृष्ठभागाजवळ वायूचं आयनीभवन. जून १९५७ च्या सायंटिफिक अमेरिकनमध्ये म्युलर यांनी सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलं आणि ती रांगोळी जगभर पोचली.

इथे थोडं विषयांतर करते, कारण अणू आणि भिंत यांच्या याच व्यवहाराची दुसरी बाजू आपल्याला हॉस्पिटलमध्ये भेटू शकते. हेलियमचा एक दुर्मीळ प्रकार आहे, हेलियम-३. त्याचं अणुकेंद्र भोवऱ्यासारखं फिरतं आणि स्वतः एक बारीकसं चुंबक असतं. नेहमीच्या हेलियम-४ च्या केंद्राला हा गुण नाही. एरवी बाटलीतले हे सगळे भोवरे वाटेल त्या दिशेला तोंड करून असतात. पण लेसरच्या प्रकाशाने रुबिडियमच्या वाफेला आणि वाफेकडून हेलियमला वळण लावता येतं, मग बरेचसे भोवरे एका दिशेला येतात. गणपतीच्या मिरवणुकीतलं लेझीम पथक डोळ्यांसमोर आणा. प्रिन्स्टनमध्ये १९६० साली वाफेमार्फत हेलियम-३ वळवण्याची ही वाट निघाली. पुढे १९९० च्या दशकात असा वळवलेला वायू माणसाला हुंगायला देऊन फुप्फुसाचा एमआरआय काढता येऊ लागला. साध्या एमआरआयमध्ये फुप्फुस म्हणजे काळी पोकळी दिसते. या वायूने हवा कुठे पोचते आणि कुठे नाही ते दिसतं.

पण हे पथक वायूत फार काळ एका तालात राहील का, हे ठरवते बाटलीची भिंत. हिशेब करून बघा. पाच सेंटीमीटर व्यासाच्या काचेच्या गोळ्यात, घरच्या तापमानाला, एक अणू सेकंदाला सरासरी चाळीस हजार वेळा भिंतीवर आपटतो. शंभर तास ताल टिकवायचा असेल तर सुमारे दीड हजार कोटी वेळा आपटूनही त्याने तोंड फिरवता कामा नये! साध्या काचेत लोखंडाचे कण असतात, प्रत्येक कण एक छोटं चुंबक. अणू त्याच्या शेजारी क्षणभर रेंगाळला की ताल चुकला. शिवाय हेलियमचा अणू इतका लहान की पायरेक्ससारख्या काचेत तो झिरपतोच, आणि आत गेला की जास्त वेळ अडकतो. म्हणून झिरपू न देणारी अॅल्युमिनोसिलिकेट काच वापरतात, काही ठिकाणी आतून सीझियम धातूचा पातळ थर देतात, कारण त्याला हेलियम जवळजवळ चिकटतच नाही. गंमत म्हणजे काही बाटल्या मोठ्या चुंबकाजवळ नेऊन आणल्या की नंतर वायूचा ताल लवकर मोडतो, आणि बाटलीचं चुंबकत्व पद्धतशीर उतरवलं की पुन्हा टिकतो. दोष वायूचा नसून भिंतीचा, हे त्यावरून उघड झालं. भिंत अगदी निर्दोष केली तरी अणू एकमेकांना आपटून ताल मोडतातच, पण त्याला वातावरणाएवढ्या दाबाला आठशेच्या आसपास तास लागतात. फुप्फुसात शिरल्यावर मात्र ऑक्सिजन काही सेकंदांतच खेळ आटोपतो. हेलियम-३ चा पुरवठा २००८-०९ नंतर फार आटला, म्हणून हे काम बरंचसं झेनॉन वायूकडे गेलं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत झेनॉनला त्यासाठी मंजुरी मिळाली.

म्हणजे बघा, म्युलर यांना अशी भिंत हवी होती जी अणूकडून ऊर्जा काढून घेईल, आणि या मंडळींना अशी भिंत हवी जी अणूकडून काहीच घेणार नाही. म्युलर यांनी स्वतः हेलियम-३ च्या भोवऱ्यांवर काम केलेलं नाही. पण वायूला दोष देण्याआधी भिंतीकडे बघा, हा धडा दोन्हीकडे एकच.

आता पुन्हा म्युलर यांच्याकडे. यश मिळाल्यावर ते थांबले नाहीत. ओढ आणखी वाढवली तर टोकाचे स्वतःचेच अणू एकेक करून सुटतात हे त्यांनी १९५६ मध्ये दाखवलं. खडबडीत टोक असंच सोलून गुळगुळीत करता येतं. मग पुढचा प्रश्न असा आला की हा दिसणारा ठिपका कुठल्या मूलद्रव्याचा, हे कसं ओळखायचं? १९६७ मध्ये जॉन पॅनिट्झ आणि ब्रूक्स मॅक्लेन यांच्याबरोबर त्यांनी अॅटम प्रोब तयार केला. पडद्याला एक बारीक भोक ठेवायचं, टोक हलवून हवा तो ठिपका भोकावर आणायचा, आणि विजेच्या एका झटक्याने तो अणू सोडायचा. भोकातून पलीकडे पोचायला त्याला किती वेळ लागला यावरून त्याचं वजन कळतं. हलका अणू लवकर, जड उशिरा. एक अणू निवडून त्याचं वजन करायचं, यापेक्षा बारीक काटा कुठल्या सराफाकडे असेल?

मानसन्मान आले. १९६८ मध्ये पेन स्टेटने त्यांना एव्हन प्यू प्राध्यापक केलं, १९७५ मध्ये नॅशनल अॅकॅडमी ऑफ सायन्सेसवर निवड झाली. १७ मे १९७७ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्यांचं निधन झालं. नॅशनल मेडल ऑफ सायन्स मिळालं ते मरणोत्तर.

नोबेल मात्र राहिलं. १९८६ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मायक्रोस्कोपसाठी दिलं गेलं. अर्धं एर्न्स्ट रुस्का यांना, ज्यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्लिनच्या त्याच टेक्निशे होखशूलमध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप केला होता. उरलेलं अर्धं बिनिंग आणि रोरर यांना, स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपसाठी. त्या यंत्राच्या जवळपास पोचणारं यंत्र ज्यांनी आधी केलं होतं ते रसेल यंग म्युलर यांचेच पेन स्टेटमधले विद्यार्थी. म्युलर जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि नोबेल मरणोत्तर देत नाहीत. ते असते तर मिळालं असतं का, याचा वाद घालण्यात आता अर्थ नाही.

कामाचं म्हणाल तर ते चांगलं चाललंय. अॅटम प्रोब आता त्रिमितीत चालतो. पोलादातले, विमानाच्या इंजिनातल्या मिश्रधातूंतले, कॉम्प्युटरच्या चिपमधले अणू एकेक करून सोडवायचे आणि कोण कुठे बसला होता याचा नकाशा कॉम्प्युटरवर पुन्हा रचायचा. भारतात आयआयटी मद्रासला असं यंत्र आहे. आणि २००० च्या दशकात बाजारात आलेल्या हेलियम आयन मायक्रोस्कोपमध्ये तर म्युलर यांचीच मांडणी आहे. थंड टोक, हेलियम, आणि टोकाच्या शेंड्यावर मोजून तीन अणू, त्यातल्या एकावरून निघणारा आयनांचा झोत.

एक गोष्ट मात्र मला खटकते. मूळ लेखावर नावं दोन आहेत, पण बऱ्याच पुस्तकांत आणि लेखांत अणू पाहण्याचं श्रेय एकट्या म्युलर यांच्या नावावर दिसतं. यात म्युलर यांचा दोष नाही. त्यांनी बहादुर यांचं नाव बरोबरीने छापलं. दोष नंतर सारांश करणाऱ्यांचा आहे. सारांशात नेहमी विद्यार्थ्याचं नाव आधी गळतं, आणि ते नाव परक्या वळणाचं असेल तर आणखी लवकर. आपली मुलं इथल्या प्रयोगशाळांत रात्ररात्र जागून काम करतात, त्यांच्या बाबतीतही हे होऊ शकतं.

तेव्हा मुलाच्या किंवा नातवाच्या पुस्तकात अणूच्या धड्यावर आलात की ठिपक्यांच्या त्या रांगोळीचा फोटो शोधून दाखवा. खाली म्युलर हे नाव छापलेलं असेलच. शेजारी कंवर बहादुर हे नाव पेन्सिलीने आपणच लिहून ठेवू.

सर्वांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा.